मडम थांबली नाही

धूर पुन्हा आलाय. सकाळी खिडकी उघडायला गेलो तर नंदाने, माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातूनच हटकलं, अहो, उघडू नका, आकडा वर गेलाय. आकडा म्हणजे हवेत किती घाण आहे त्याचा. सिंगापूरमध्ये घाणीचासुद्धा तासातासाला आकडा मिळतो, फोनवर, रंगासकट. पलीकडे सुमात्रात कुणीतरी रान पेटवायचं आणि इकडे सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये आम्ही खोकत बसायचं, असा हा प्रकार आहे. समोरचा ब्लॉक अर्धामुर्धा दिसतो, त्याच्या मागचा दिसतच नाही. शाळेच्या मैदानावर शुकशुकाट. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सगळे मास्क लावून बसलेले, डोळे तेवढे उघडे, आणि तेही फोनमध्ये घातलेले.

लोक म्हणतात सिंगापूरला ऋतू नाहीत. उकाडा आणि पाऊस, पाऊस आणि उकाडा, संपलं. कसलं काय! एक ऋतू आहे. तो कुठल्या कॅलेंडरात छापत नाहीत आणि दर वर्षी येतोच असंही नाही, पण येतो तेव्हा भाद्रपदाच्या आगेमागे येतो आणि घरात घुसतो. चादरीला वास, केसांना वास, कुकर उघडला तर वाफेलासुद्धा वास. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे आणि आत कोंडून घ्यायचं. माणूस कोंडला की त्याला नको ते आठवतं. मला चार वर्षांपूर्वीचा धूर आठवतो. तेव्हा अण्णा, माझे वडील, आमच्याकडे होते. आता अण्णा नाहीत, गावाकडे आत्या होती तीही नाही. मी आहे, आणि ती बोट आहे.

मी मरीन इंजिनिअर. आधी बरीच वर्षं बोटींवर होतो, मग सेम्बावांगला एका लहानशा दुरुस्ती कंपनीत लागलो. दुसऱ्यांच्या बोटी गोदीत घ्यायच्या, गंज काढायचा, पाइप बदलायचे, वेळेत परत द्यायच्या. मी तसा तिरसट माणूस. नंदा म्हणते, हातात पाना असल्याशिवाय तुम्ही धड बोलत नाही. खरं आहे. पाना असला की समोरच्याला थोडी भीती वाटते आणि काम लवकर होतं.

अण्णा आयुष्यभर बोटींवर भंडारी होते. भंडारी ही आमची जात नव्हे, तो हुद्दा. बोटीवरचा स्वयंपाकी. युद्धाच्या काळात, मिसरूड फुटायच्या वयात, ते आरमारात गेले, नंतर मालवाहू बोटींवर राहिले आणि निवृत्त होऊन दापोलीजवळच्या आमच्या गावी परतले. आई गेल्यावर, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर, मी त्यांना लाँग टर्म व्हिजिट पासवर इथे आणलं. त्यांना सिंगापूर आवडलं असं म्हणवत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नेलं की ते प्रत्येक कढईत डोकावून बघायचे आणि म्हणायचे, तेल बरं तापवतात, पण मीठ घालताना हात आखडतो. माझ्या मुलीशी, ऋताशी, त्यांची गट्टी होती. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं कुठे काही अडायचं नाही. कधी तिने इथल्या बोलीत ‘कॅन लाह, आजोबा’, म्हणजे चालेल हो, म्हटलं की तेही मान डोलवून ‘कॅन ला’ म्हणायचे.

त्या वर्षी धुराचा पहिला वास आला तेव्हा अण्णा खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, कुणी राब भाजतंय का रे? आमच्याकडे पेरणीआधी पालापाचोळा, शेणी पसरून जमीन भाजतात, तो राब. मी म्हटलं, भाद्रपदात कोण कशाला राब भाजतोय? सुमात्राचं सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ नाकाने हुंगत उभे राहिले. मग आत्याला फोन लावून द्यायला सांगितलं.

आत्याबद्दल सांगायला हवं. शांता आत्या ही अण्णांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा ती जेमतेम पंधरा-सोळाची असेल. तिचे यजमान, आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो, आरमारात टॉर्पेडो बोटीवर इंजिनवाले होते. अण्णांना नोकरीला लावलं ते दाजींनीच. दाजी अराकानकडे गेले, तिकडे ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर, आणि परत आले नाहीत. आत्या मग कायमची माहेरी आली. भात लावायला ती, काजू गोळा करायला ती, आम्हा भावंडांची परकर-चड्डीची वयं निस्तरायलाही तीच. आई आजारी असायची, तेव्हा मला वाढवलं ते आत्याने, असंच म्हणायला हवं.

दाजी कसे गेले याचं घरात एक ठरलेलं वाक्य होतं. बोट भर समुद्रात उडाली, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. अण्णांनी ते युद्धावरून परत आल्यावर आत्याला सांगितलेलं, आणि तिने ते जपून ठेवलं. गावात कुणाचा मुलगा, नवरा अचानक गेला की ती जाऊन त्या घरी बसायची आणि सांगायची, आमच्या यांनाही काही कळलं नाही हो, त्रास झाला नाही. पितृपक्षात दाजींचं पान वाढतानाही ती हे एकदा तरी बोलायची. लहानपणी आम्हाला वाटायचं, हाही त्या दिवसाचा एक मंत्रच आहे.

तर त्या धुरात एक बोट ओढून आमच्याकडे आणली. फार जुनी सुखबोट, म्हणजे श्रीमंतांनी मजेसाठी बांधलेली यॉट. कित्येक मालक, कित्येक नावं, आणि शेवटी कुठल्याशा खाडीत गंजत पडलेली. एका पैसेवाल्याने ती घेतली होती, तिचं तरंगतं रेस्टॉरंट करायचं म्हणून. कामाच्या पहिल्या बैठकीला त्याच्या प्रसिद्धी विभागातली शार्लीन नावाची चिनी मुलगी आली. हुशार, लाघवी, उत्साहाने फसफसणारी. तिने भिंतीवर फोटो दाखवत बोटीची कहाणी सांगितली. पहिल्या मालकाने बायकोच्या हौसेसाठी बांधली, नाव दिलं मार्गारेट. मग युद्ध आलं. आरमाराने ती ताब्यात घेतली, पांढऱ्यावर राखाडी रंग फासला, दिवाणखान्यातला पियानो उतरवला, तिथे टॉर्पेडो दुरुस्त करायची बाकडी मांडली, आणि तिला टॉर्पेडो बोटींची आई बनवून अराकानला धाडलं.

आई हा शब्द शार्लीनचा नव्हे, आरमाराचाच. टॉर्पेडो बोटी लहान, लाकडी, भन्नाट पळणाऱ्या आणि पेट्रोल ढोसणाऱ्या. त्यांच्यावर ना धड झोपायला जागा, ना चूल. संध्याकाळी बाहेर पडायचं, शत्रूच्या बोटींवर धाड घालायची आणि उजाडायच्या आत परत यायचं. परत यायचं ते या आईकडे. ती खाडीत, झाडाझुडपांच्या आड, फांद्या अंगावर घेऊन लपलेली असे. पेट्रोल तिच्याकडे, पाणी तिच्याकडे, दुरुस्ती, औषध, जेवण सगळं तिच्याकडे. शार्लीनने यातून रेस्टॉरंटचं ब्रीद काढलं होतं: वाट पाहणारी बोट. इंग्रजीत ते आणखी गोड वाटत होतं. मी मनात म्हटलं, आधी तिच्या तळाच्या पत्र्याची जाडी बघू, मग ती वाट बघेल.

रात्री जेवताना मी ही गंमत म्हणून घरी सांगितली. मार्गारेट हे नाव ऐकलं आणि अण्णांचा हात ताटात तसाच राहिला. ते म्हणाले, मडम? मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की कोकणातल्या पोरांना ते नाव धड म्हणता येत नव्हतं, गोऱ्या बाईचं नाव म्हणून सगळे तिला मडम म्हणायचे. अण्णांची पहिली नोकरी तिच्यावरची. एवढी वर्षं आम्हाला ठाऊक होतं की ते कुठल्याशा बोटीवर होते. नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, आणि आम्ही पोरं तरी कुठे विचारायला गेलो होतो!

पुढचे काही दिवस मात्र अण्णांना बोलण्याची लहरच आली. खिडक्या बंद, हवा शुद्ध करायचं यंत्र घूं घूं करतंय, आणि अण्णा मडमच्या गोष्टी सांगतायत. त्यांना दाजींनीच खटपट करून मडमवर चिकटवलं होतं. दाजी साहेबाला म्हणाले होते, पोरगा हाताने बरा आहे, चुलीपाशी राहू दे, बोटीवर नको. का, तर बायकोचा एकुलता एक भाऊ. गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, मार्गारेट बाईंची पुडिंगं करायची तांब्याची पात्रं भिंतीवर तशीच टांगलेली होती; अण्णा त्यात मिरच्या आणि लसूण ठेवायचे. संगमरवरी मोरीत टॉर्पेडोवाले पोरगे कपडे पिळायचे. छताला कोरलेले देवदूत होते, त्यांना काजळी चढून ते पार आमच्यासारखे झाले, असं म्हणून अण्णा स्वतःच हसायचे. दाजी धाडीवरून आले की काळेकुट्ट, कानात दडे बसलेले, आणि आल्या आल्या गॅलीच्या दारात उभे राहून ओरडून विचारायचे, काय रे, आज करपवलंस का? हे सांगताना नव्वदीला टेकलेला माणूस पोरासारखा लाजायचा.

माझ्या साहेबाच्या कानावर हे गेलं आणि त्याच्याकडून शार्लीनच्या. तिला आनंदाने काय करू नि काय नको झालं. जिवंत माणूस! मडमवर काम केलेला! छोटी फिल्म करायची म्हणाली. अण्णा आधी नाही म्हणाले, गुडघ्याचं कारण सांगितलं. मग रोज संध्याकाळी मी आलो की विचारायचे, काय म्हणतेय तुमची ती पोर? नंदा हसून म्हणाली, न्या हो त्यांना, त्यांच्या मनात आहे.

गोदीत जायच्या दिवशी अण्णांनी पांढरा सदरा घातला, दाढी दोनदा केली. फाटकावर त्यांना हेल्मेट दिलं, पिवळं जाकीट दिलं, मास्क दिला. हेल्मेट सारखं कपाळावर यायचं. सूर्य डोक्यावर होता, पण धुरातून तो विझत आलेल्या निखाऱ्याएवढाच दिसत होता, खुशाल बघत राहावा. तमिळ आणि बांगलादेशी वेल्डर बाजूला सरकून वाट देत होते. शिडी चढताना मी हात धरायला गेलो तर अण्णांनी झिडकारला. बोटीवर मी तुझा बाप आहे, म्हणाले.

गॅलीत आता काही नव्हतं. फरश्या उखडलेल्या, भिंतीवर खडूच्या खुणा. शार्लीन म्हणाली की इथे वाइन ठेवायची खोली होणार. मी ते अण्णांना सांगितलं. त्यांनी एका भिंतीला तळवा लावला आणि तो तिथेच ठेवला. कॅमेरावाल्याला ते फार आवडलं, त्याने पुन्हा लावायला सांगितला. अण्णांनी पुन्हा लावला.

मग डेकवर खुर्ची मांडली. शार्लीन इंग्रजीत विचारत होती, मी मराठीत सांगत होतो, अण्णा मराठीत बोलत होते, मी इंग्रजीत. पियानो, देवदूत, तांब्याची पात्रं. सगळं छान चाललं होतं. शेवटी शार्लीन पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, अंकल, रोज पहाटे ही बोट आपल्या मुलांची वाट बघायची ना? मी तसंच विचारलं. अण्णा खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं दमले. पाणी देऊ का, विचारलं. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायला लागले.

“थांबली नाही मडम,” ते म्हणाले. “भात चुलीवर होता, दाजी यायचे होते, आणि आम्ही निघून गेलो.”

पुढचं मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांचे शब्द तुटत होते. बोटी परत यायच्या सुमाराला वाफाळता भात तयार पाहिजे, ही मडमवरची रीत. म्हणून भंडाऱ्याने अंधारातच भात चढवायचा. त्या पहाटे त्यांनी तो चढवला आणि नांगर उचलल्याचा आवाज आला. आधीच्या दिवशी शत्रूचं विमान वरून घिरटी घालून गेलं होतं. जागा कळली, उजाडेपर्यंत थांबायचं नाही, असं वरच्या साहेबांनी ठरवलं. बोटींना कळवायला काही साधन नव्हतं, किंवा असेल आणि वापरलं नसेल. भंडाऱ्याला कोण सांगतोय! अण्णांनी खलाशांच्या मुकादमाला, सारंगाला, विचारलं, बोटी यायच्यात ना? तो म्हणाला, तू तुझा भात बघ. अण्णांनी भात बघितला. मडम खाडीच्या तोंडातून बाहेर पडली तेव्हा भाताला वाफ धरली होती. त्यांनी तो उतरवला आणि झाकून ठेवला.

बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्या खाडीत जाऊन आलं. दाजींची बोट तिथे होती. पेट्रोलचा थेंब नव्हता, माणूस नव्हतं. मडमला ज्या झाडाला बांधत, त्याच झाडाला ती बांधलेली होती. म्हणजे ते आले होते. आले, आई दिसली नाही, तरी तिच्या जागेवर बोट बांधून थांबले. किती थांबले, मग कुठे गेले, चिखलातून चालत गेले की कुणी पकडून नेलं, ते कुणालाच कळलं नाही.

मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकता ऐकताच ते परक्या मुलीला परक्या भाषेत पोचवत होतो. शार्लीनच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिने अण्णांचे दोन्ही हात धरले, थँक यू अंकल म्हणाली. मनाने ती वाईट नव्हती. तेच तर अवघड आहे, वाईट असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

टॅक्सीत अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर धुरापलीकडे काही नव्हतं. मी विचारलं, अण्णा, एवढी वर्षं बोलला नाहीत, मग आजच का? ते म्हणाले, “इथे मराठी कुणाला कळतंय, म्हणून बोललो. एकदा तोंडातून काढायचं होतं.” आणि थोड्या वेळाने, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, “शांतेला हे कळता कामा नये. तिच्याजवळ दुसरं काही नाही.”

मी हो म्हटलं. हो न म्हणायला काय होतं! दापोलीजवळच्या खेड्यातली अठ्ठ्याऐंशीची म्हातारी आणि सिंगापूरच्या रेस्टॉरंटची जाहिरात, यांची गाठ पडेल असं कुणाच्या डोक्यात येणार? त्या दिवसापासून अण्णा बरे जेवायला लागले, हे मात्र खरं. नंदाच्याही लक्षात आलं. रोज आत्याला फोन करायचे, ती पावसापाण्याबद्दल, मांजरीच्या पिल्लांबद्दल सांगायची, हे हं हं करायचे. आवाज मोकळा लागत होता. मला वाटलं, चला, धुराने एवढं तरी चांगलं केलं.

फिल्म इंटरनेटवर आली तेव्हा धूर ओसरायला लागला होता. दीड-दोन मिनिटांची. सुरुवातीला मार्गारेट बाईंचे पांढऱ्या झग्यातले फोटो, मग राखाडी बोट, मग अण्णांचा तळवा भिंतीवर. आणि मग अण्णांचा चेहरा, अगदी जवळून, मास्क हनुवटीखाली, डोळे भरलेले. ते मराठीत म्हणतायत, थांबली नाही मडम, भात चुलीवर होता, दाजी यायचे होते, आणि आम्ही निघून गेलो. आणि खाली सुंदर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं: रोज पहाटे ती गरम जेवण घेऊन आपल्या मुलांची वाट पाहत असे.

मी दोनदा बघितली, तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितली, आणि तेव्हा कळलं की आवाज बंद केला तर यात काहीच खोटं वाटत नाही. एक म्हातारा, ओले डोळे, खाली गोड वाक्य. त्यांना चेहरा हवा होता. तो माणूस बोलतो काय, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. मी शार्लीनला फोन केला. म्हटलं, मी तुला काय सांगितलं आणि तू काय लिहिलंस? ती गोंधळली. मग म्हणाली की ते फार दुःखद होतं ना, लोक इथे जेवायला येणार. भावना तर तीच आहे, प्रेमाची. आणि अंकल किती गोड दिसतात! मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती रडली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिने फिल्म काढून टाकली, पण तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाने, प्रकाशने, ती बघितली होती. तो गावीच असतो, आत्या त्याच्याकडेच. कामाच्या गडबडीत, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या आवाजात त्याने नुसतं बघितलं: अण्णा! सिंगापूरच्या फिल्ममध्ये! झालं, फोनमध्ये उतरवून घेतली, घरच्या ग्रुपवर टाकली, गावच्या ग्रुपवर टाकली. आणि संध्याकाळी घरी येऊन, पडवीत बसलेल्या आत्याच्या कानाशी फोन नेऊन, आवाज मोठ्ठा करून लावली. आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. वाचता येणाऱ्या सगळ्यांना खोटं कळलं होतं. तिने फक्त ऐकलं.

आता ती बोट रीतसर रेस्टॉरंट झाली आहे. शनिवार-रविवारी दिवे लावून फिरते. मागल्या महिन्यात ऑफिसमधल्या एकाच्या निरोपाची पार्टी तिथे होती, जाणं भाग पडलं. टॉर्पेडो नावाचं सरबत मिळतं, त्यात दारू असते. गॅलीच्या जागी काचेमागे बाटल्या निजवून ठेवल्यात. आणि जिन्याजवळच्या पडद्यावर ती फिल्म पुन्हा लावलेली आहे. शार्लीन नोकरी सोडून गेली, नवीन माणसांनी ती सुधारली: अण्णांचा आवाज काढून टाकला, तिथे व्हायोलिन घातलं. चेहरा ठेवला, खालचं वाक्य ठेवलं. लोक हातात पेला धरून तिथे थबकतात, आहा म्हणतात आणि टेबलाकडे जातात. मी व्यवस्थापकाला गाठलं, हे काढा म्हटलं, हा माझा बाप आहे. तो आदराने वाकला आणि म्हणाला, सर, मग तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल.

मी दुरुस्त केलेली बोट आहे ती. तिच्या तळाचे पत्रे मी बदलले, तिचे पंप मी बसवले. काम चोख झालंय, अजून पंचवीस-तीस वर्षं सहज तरंगेल. या गोष्टीचा मला जो संताप येतो तो कुणाला सांगून कळणार नाही. आईपणाचं कौतुक करणारे भेटतात ढिगाने. जी आई निघून गेली तिच्याबद्दल कुणाला ऐकायचं नसतं, कारण त्यावर जेवण जात नाही.

त्या वर्षी, प्रकाशने फिल्म ऐकवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी, आत्याचा फोन आला होता. व्हिडिओ कॉल. प्रकाशने लावून दिलेला, त्याचा चेहरा उतरलेला. आत्या फोन फार जवळ धरायची, तिचं कपाळ आणि एक डोळा एवढंच दिसत होतं. अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. मी आणि नंदा मागे उभे राहिलो, ऋता तिच्या खोलीच्या दारात.

मला वाटलं ती विचारेल, खोटं का सांगितलंस. वाटलं, रडेल, शिव्या देईल. अण्णाही त्याचीच तयारी करून बसले असावेत, कारण ते म्हणाले, शांते, मी तुला सांगणार होतो. तिने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मिठाचा डबा कुठे ठेवलास असं विचारावं तसा.

“दादा, तो भात मग कुणी खाल्ला?”

अण्णांनी फोन आणखी जवळ घेतला.

“आम्हीच,” ते म्हणाले.

“पोटभर?”

त्यांनी मान खाली घातली. मग वर केली, कारण तिला दिसायला हवं होतं.

“पोटभर.”

आत्याने ते ऐकून घेतलं. प्रकाशला म्हणाली, घे रे हा फोन, आणि ऊठबस करताना नेहमी घ्यायची ते देवाचं नाव या वेळी न घेता, भिंतीला धरून, आत निघून गेली.